दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेल्यावर नेमकी काय अपेक्षा ठेवायची?

सांजवेल

आईची कंबर दुखतेय (वय ६३, आम्ही डोंबिवलीला) आणि डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जाते. पावसाळ्यापासून चालू आहे. आधी फॅमिली डॉक्टर झाले, मग एक ऑर्थो, मग नात्यातल्या कोणीतरी सांगितलं म्हणून मोठ्या हॉस्पिटलमधले स्पाइनवाले. औषध कुठलं घ्यावं हे विचारायला धागा काढलेला नाही, ते डॉक्टरच सांगतील. माझा प्रश्न जरा वेगळा आहे.

दरवेळी बाहेर आल्यावर आईचा चेहरा पडलेला असतो. परवाचंच सांगते, तासाभराच्या वर बसलो, आत गेलो, डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली, एल फोर एल फाइव्हला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये) गादी सरकलीय, नस दबतेय, वयाप्रमाणे झीज आहेच, वजन कमी करा, खाली वाकू नका, या गोळ्या महिनाभर आणि कमरेला बेल्ट. संपलं. आम्ही उठायच्या आत पुढचा पेशंट दारात. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "अगं, अंगाला हातसुद्धा लावला नाही." माझा नवरा म्हणतो फिल्ममध्ये सगळं दिसतंय तर हात कशाला लावायला हवा. डॉक्टर उद्धट होते असंही नाही हां, नीट बोलले. पण आईला वाटतंय आपण जाऊन आलोच नाही.

आणि आई पण अशी की घरी रात्री कण्हते, आणि डॉक्टरांनी विचारलं किती दुखतं, एक ते दहामध्ये सांगा, तर म्हणे "दुखतं म्हणजे दुखतंच की. तसं बरंय." मी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी मोबाईलवर लिंक आली, तुमचा अनुभव कसा होता, स्टार द्या. रिसेप्शन, स्वच्छता, पार्किंग, थांबण्याची वेळ. डॉक्टर काय म्हणाले ते कळलं का, हा प्रश्नच नाही त्यात.

तर लोकहो, दुखण्यासाठी डॉक्टरकडे जातो तेव्हा काय मिळालं म्हणजे व्हिजिट नीट झाली म्हणायची? दुखणं थांबायला हवं? का दुखण्यामागचं गणित समजायला हवं? आम्ही जास्त अपेक्षा करतोय का?

तर्रीपोहे

काऊन एवढा विचार करून राहिले ताई. इथं नागपुरात आठशे रुपये फी आणि तीन मिनिटं, त्यातले एक मिनिट डॉक्टर फोनवर. अपेक्षा एकच ठेवायची, बाहेर येताना फाइल विसरायची नाही. 🙏 एमआरआय लिहून देतात कारण तिकडून यांना कट असतो, गोळ्या लिहून देतात कारण तिकडून कट असतो, हात लावायचा कट कोण देणार.

तालुक्याचा डॉक्टर

तर्रीपोहे, कट घेणारे आहेत, नाही म्हणत नाही, पण सगळा प्रश्न तेवढ्यावर ढकलला की मग बोलायला काही उरतच नाही.

सांजवेल ताई, मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही. फिल्ममध्ये मणका दिसतो, गादी दिसते, दुखणं दिसत नाही. ज्यांना कंबरदुखी नाही अशा लोकांचे सुद्धा एमआरआय काढून बघितलेत, २०१५ साली असे बरेच अभ्यास एकत्र करून मांडले गेले, त्यात पन्नाशीच्या ठणठणीत लोकांत ८० टक्क्यांना गादीची झीज आणि ६० टक्क्यांना गादी फुगून बाहेर आलेली सापडली. साठीनंतर आकडे अजून वर जातात. म्हणजे आईच्या रिपोर्टमधली निम्मी वाक्यं शेजारच्या धडधाकट काकूंच्या रिपोर्टमध्येही निघतील. म्हणून तर हात लावायचा असतो. पेशंटला झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलायचा, कुठे कळ येते बघायची, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावायचं, पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगून आपण तो खाली दाबून बघायचा, हातोडीने गुडघा आणि घोटा, दोन्ही पायांवर कापूस फिरवून सारखं लागतंय का विचारायचं. पाचेक मिनिटांचं काम आहे. यावरून कळतं की फिल्ममधला बिघाड आणि पायातली कळ यांचा मेळ बसतो का. तेव्हा आईंची तक्रार भावनिक बिवनिक नाही, वैद्यकीय दृष्ट्या रास्त आहे.

आता आमची बाजू ऐका. माझी ओपीडी उघडायच्या आधी पायरीवर लोक बसलेले असतात, बाजाराच्या दिवशी तर विचारू नका. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या प्राथमिक डॉक्टरांच्या तपासणीच्या वेळेचा आढावा आला होता, बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, आणि आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. त्या दोन मिनिटांत शेतात वाकून वाकून कंबर धरलेली बाई येते आणि म्हणते "डॉक्टर, सुई मारा, तुमच्या सुईनं गुण येतो." सुई द्यायला एक मिनिट लागतं. सुई का नको हे समजावायला दहा मिनिटं लागतात, आणि एवढं समजावून ती बाई समोरच्या दवाखान्यात जाऊन सुई घेतेच, वर गावात सांगते की याच्याकडे नुसती बडबड. मग पेशंटचं समाधान कशात आहे ते तुम्हीच सांगा. डायक्लोफेनॅकची गोळी मेडिकलवरून स्वतःच आणून वर्षानुवर्षं रोज खाणारे मी बघतो, ते सगळे समाधानी असतात, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा, रिपोर्ट हातात पडेपर्यंत. आणि सांधेदुखीच्या त्या बिननावाच्या पुड्या, ज्यात गुपचूप स्टिरॉइड कुटलेलं असतं, त्यांच्याइतकं समाधानी गिऱ्हाईक तर कुणाचंच नसेल. दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो. चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली की मग आमच्याकडे.

एक मात्र या धाग्यावर येणाऱ्या सगळ्यांनी वाचून ठेवा. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासचा ताबा गेला किंवा लघवी अडली, दोन मांड्यांच्या मधली बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप येतोय, वजन उतरतंय, रात्री झोपेतही दुखणं कमी होत नाही, आधी कधी कॅन्सर झालेला, जोरात पडल्यावर सुरू झालंय, तरी लवकर दाखवा. आपल्याकडे मणक्याचा टीबी आहे, तो असाच महिनोन् महिने "कंबरदुखी" म्हणून फिरत राहतो. अशा वेळी एमआरआय हवाच. तेव्हा एमआरआयला माझा विरोध नाही, सरसकट काढायला आहे.

थेम्सकाठ

मी इंग्लंडात असते, तुमच्या उलट रडगाणं सांगते. इथे जीपीची (म्हणजे फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट दहा मिनिटांची, आणि मिळायलाच आठवडे लागतात. माझी कंबर धरली तेव्हा त्या बाईने तपासलं अगदी नीट, पाय उचलून वगैरे, आणि म्हणाली गंभीर काही नाही, हिंडत फिरत राहा, फिजिओसाठी स्वतःच नाव नोंदव. हातात एक छापील कागद. एमआरआय? नाही. एक्सरे? नाही. इथे नाइसची (उपचार कसे करावेत ते ठरवणारी सरकारी संस्था) २०१६ पासूनची मार्गदर्शक तत्त्वंच तशी आहेत की साध्या कंबरदुखीला सरसकट स्कॅन करायचा नाही, नुसतं पॅरासिटॅमॉल पण देत बसायचं नाही. मला इतका राग आला होता ना. टॅक्स कशाला भरतो आपण. नाताळात पुण्याला आले तेव्हा भावाने फोन केला आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय काढून हातात. बल्ज निघालाच. पुण्यातल्या डॉक्टरांनी पण व्यायामच सांगितला, तोच, मांजरासारखी पाठ वर-खाली करायचा. पण खरं सांगू, मला तो एमआरआय काढल्याचं समाधान आजही आहे. आत ट्यूमर वगैरे नाही हे डोळ्यांनी बघितलं. कोणी काही म्हणो.

तालुक्याचा डॉक्टर

थेम्सकाठ, तुमच्यासारख्या लोकांवर तुमच्याच देशात अभ्यास झालाय की! २००१ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय मासिकात आला होता. सहा आठवड्यांहून जास्त कंबर दुखणारे ४२१ पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाचा कमरेचा एक्सरे काढला, दुसऱ्याचा नाही. तीन महिन्यांनी एक्सरेवाल्यांनाच किंचित जास्त दुखत होतं, बरं होण्यात फायदा काही नाही. आणि नऊ महिन्यांनी विचारलं तर जास्त समाधानी कोण? एक्सरेवालेच.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो, आता हसू येत नाही. लोकांना फोटो नको असतो, फोटो बघून कोणीतरी "काळजीचं काही नाही" असं छातीठोक म्हणावं हे हवं असतं, आणि ते न बघता म्हटलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

गुलबक्षी

माझं तर तिसरंच. मला फायब्रोमायाल्जिया आहे (अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार), वय ३८. नाव कळायलाच वर्षं गेली. एक्सरे नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि प्रत्येक डॉक्टर ते "सगळं नॉर्मल आहे" असं आनंदाने सांगतात जसं काही मी पास झाले. अहो मग मला सकाळी अंथरुणातून उठवत का नाही? एक जण सासूबाईंसमोर म्हणाले, मन कुठेतरी गुंतवा, नोकरी वगैरे करा. मी नोकरी करतेच आहे. घरी त्या एका वाक्याचे परिणाम किती दिवस भोगले ते इथे लिहीत नाही.

सांजवेल, तुझ्या आईला निदान फिल्ममध्ये दाखवायला काहीतरी आहे गं. ज्यांच्या फिल्ममध्ये काहीच नाही त्यांची अपेक्षा एकच असते, समोरच्याने मान्य करावं की हिला दुखतंय. मला शेवटी ज्या बाई भेटल्या (ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, सांधे-स्नायूंच्या दुखण्याच्या डॉक्टर) त्यांनी पहिल्या भेटीत एकही नवीन टेस्ट लिहिली नाही. म्हणाल्या तुझं दुखणं खरं आहे, पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही, पण झोप सुधारू, मग चालणं वाढवू, गोळी यात एक छोटा भाग असेल. दुखणं तेव्हा जेवढं होतं तेवढंच होतं पण मी बाहेर येऊन चक्क वडापाव खाल्ला. दुखणं पूर्ण जाणार नाही असं सांगणाऱ्या डॉक्टरवर मी सगळ्यात जास्त खूश आहे, आता बोला.

फिजिओताई_पुणे

गुलबक्षी +१. चांगल्या डॉक्टरने पहिल्याच दिवशी अपेक्षा कुठवर ठेवायची ते सांगितलं पाहिजे.

आमच्याकडची गंमत सांगते. पेशंट येतात ते शेक आणि करंट घ्यायला. मशीन लावलं, दहा मिनिटं मुंग्या आल्या, छान वाटलं, पैसे वसूल. त्याऐवजी मी पंधरा मिनिटं बसून विचारलं की दिवसभरात कधी दुखतं, किती वेळ बसल्यावर, भांडी घासताना की कपडे वाळत घालताना, आणि दोनच व्यायाम नीट करून घेतले, तर बाहेर काउंटरवर विचारतात "आज मशीन नाही लावलं, तरी पूर्ण फी?" आणि पुढच्या वेळी व्यायाम केले का विचारलं की घरात पाहुणे होते, लग्न होतं, गणपती होते. 😀 तरी तपासायला वेळ दिला की लोक टिकतात असं माझं मत. मशीनवाले पण हळूहळू टिकतात.

सांजवेल, आईंना एक ते दहा विचारून काही मिळणार नाही. त्या पिढीच्या बायकांना आकडा सांगणं म्हणजे कुरकूर केल्यासारखं वाटतं, त्यात डॉक्टरसमोर. त्यापेक्षा काय करता येत नाही ते सांगायला लावा. किती वेळ ओट्याशी उभं राहता येतं, बाजारात जाताना मध्ये कुठे बसावं लागतं का, रात्री कूस बदलताना जाग येते का. आणि कळ कशी आहे ते, चमक निघते, जळजळतं, मुंग्या येतात, की नुसतं जड होतं. यातल्या जळजळ, मुंग्या, चमक म्हटलं की आमचे कान टवकारतात, नसेशी संबंध असू शकतो म्हणून. हे सगळं डॉक्टरांनी विचारावं हे खरं, पण अमेरिकेतल्या १९८४ च्या एका अभ्यासात पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये तोंड घालतात असं आढळलं होतं, तेव्हा महत्त्वाचं आधी बोला. "मागच्या दिवाळीत आम्ही अक्कलकोटला गेलो होतो" इथून सुरुवात केलीत तर अक्कलकोटला पोचायच्या आत गोळ्या लिहून झालेल्या असतील.

बेल्टबद्दल, प्रवासात किंवा खूप दुखत असताना थोडा वेळ ठीक, पण दिवसभर लावून बसायचं नाही. डॉक्टरांना विचारून घ्या किती वेळ. बहुतेक लोक विचारत नाहीत आणि दोन-दोन वर्षं घालून हिंडतात.

तालुक्याचा डॉक्टर

सांजवेल ताई, तुम्हालाच एक प्रश्न. आईंना स्वतःला काय हवंय ते कोणी विचारलंय का? तुम्ही नाही, डॉक्टर नाही, त्यांना. कशाची भीती वाटते आणि काय परत करता यायला हवंय, एवढंच. जमलं तर विचारून इथे सांगा.

न्यूजर्सीचा नाना

पेशंटला विचारा, पेशंटला खूश ठेवा, हे ऐकायला गोड आहे पण आमच्या अमेरिकेने त्यात काय केलं ते पण बघा. मी हॉस्पिटलच्या क्वालिटी डिपार्टमेंटात आहे. इथे नव्वदच्या दशकात टूम निघाली की दुखणं हे पाचवं व्हायटल साइन, नाडी-बीपीसारखं दरवेळी मोजायचं. २००१ मध्ये हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने दुखण्याची नोंद आणि उपचार यांचे नियम लावले. मग सरकारी सर्व्हेमध्ये पेशंटला विचारायचे की तुमचं दुखणं आटोक्यात ठेवलं का, स्टाफने त्यासाठी शक्य ते सगळं केलं का, आणि २०१२ पासून त्या सर्व्हेच्या मार्कांवर हॉस्पिटलचे थोडे पैसे ठरायला लागले. तिकडे कंपन्या ऑक्सिकोडोन वगैरे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची सवय लावणारी वेदनाशामकं, विकायला टपलेल्याच होत्या. एवढ्याने ओपिऑइडच्या व्यसनाची साथ आली असं नाही, पण डॉक्टरच्या मनात हे असायचंच की नाही म्हटलं तर मार्क जातील. शेवटी ते दुखण्याचे प्रश्न आधी पैशाच्या हिशेबातून काढले आणि २०१९ मध्ये सर्व्हेतूनच काढून टाकले. २०१२ चा एक अभ्यास इथे खूप गाजला होता, ज्यात डॉक्टरवर जास्त समाधानी असलेल्या लोकांचा औषधांवर खर्च जास्त, ॲडमिट होणं जास्त, आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. समाधानामुळे माणूस मरतो असं कोणी म्हणत नाही, पण स्टार म्हणजे चांगला इलाज नव्हे एवढं नक्की. ताईंना आलेली ती लिंक मी असतो तर डिलीट केली असती.

शेवटचं बाकडं

नाना, तुमच्याकडे अति झालं आणि आमच्याकडे त्या औषधाच्या नावाने दारं बंद. वडिलांना कॅन्सर होता, हाडात पसरलेला. गावाकडच्या डॉक्टरांनी मॉर्फिन म्हटल्यावर मानच हलवली, सवय लागते म्हणाले. अहो चार महिने राहिलेल्या माणसाला कसली सवय. २०१४ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा बदलून मॉर्फिन मिळणं सोपं केलंय, तरी किती ठिकाणी ते ठेवतच नाहीत. कोणाच्या घरी असं असेल तर वाट बघू नका, पॅलिएटिव्ह केअर (मोठ्या आजारात दुखणं, त्रास कमी करणारी सेवा) म्हणून विचारा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, १९९७ पासूनचं, पैसे घेत नाहीत. मुंबईत टाटाला वेगळा विभागच आहे. आम्हाला जिथे शेवटी मदत मिळाली तिथल्या सिस्टरने वडिलांना विचारलं होतं, "बाबा, रात्री किती वेळा जाग येते?" आणि त्यावर डोस ठरवला. त्यांना झोप लागायला लागली. कंबरदुखीच्या धाग्यावर हे लिहिलं, अवांतर वाटलं तर माफ करा.

तर्रीपोहे

अवांतर कुठलं दादा. वाचून घेतलं. लागलं तर असावं म्हणून नाव सेव्ह करून ठेवतो.

सांजवेल

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

तालुक्याचे डॉक्टर, विचारलं आईला. संध्याकाळी मेथी निवडत बसलो होतो तेव्हा सहज विचारलं, कारण समोर बसवून विचारलं असतं तर परत "तसं बरंय" आलं असतं. मला वाटलं म्हणेल दुखणं थांबू दे. तर म्हणाली मला ऑपरेशन नको. मी म्हटलं ऑपरेशनचं कोणी नावच काढलं नाहीये. तर म्हणे नस दबलीय म्हणाले ना ते. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या नंतर बरेच महिने पडूनच होत्या, त्यांच्याही तोंडात "नस दबली" हेच असायचं. आईने तेव्हापासून मनात धरलंय की आपलंही तेच होणार, म्हणून ती जपून जपून चालते, खाली वाकू नका सांगितलंय म्हणून झाडांना पाणी घालणं बंद, सकाळचं फिरणं तर कधीच सोडलं. आणि काय करता यायला हवंय विचारलं तर म्हणाली लेकीच्या लेकीला, म्हणजे माझ्या मुलीला, बसस्टॉपवरून आणता यायला हवं. जिना आहे दोन मजल्यांचा.

इतके दिवस आम्ही घरात चर्चा करतोय ती एमआरआयची आणि कुठला डॉक्टर मोठा याची.

तालुक्याचा डॉक्टर

बघा. हा प्रश्न तीनपैकी एका जरी डॉक्टरने विचारला असता तरी आई हसत बाहेर आल्या असत्या, गोळ्या त्याच राहिल्या असत्या तरी.

मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल छातीठोक बोलणार नाही, सर्वसाधारण सांगतो. गादीमुळे पायात कळ जाणाऱ्या बहुतेक लोकांना ऑपरेशन लागत नाही, बाहेर आलेला भाग पुष्कळदा हळूहळू आपोआप आक्रसतो, फक्त त्याला आठवडे-महिने लागतात. ऑपरेशनचा विचार केव्हा, तर पायाची ताकद जायला लागली, लघवी-संडासचा त्रास सुरू झाला, किंवा पायातली कळ बराच काळ उपचार करूनही सहन होत नसेल तर. "खाली वाकू नका" हे दुखणं जोरात असताना चार दिवस ठीक आहे, जन्मभराची शिक्षा नाही. फिरणं परत चालू करायला हरकत आहे का, हे त्या डॉक्टरांना सरळ विचारा.

आणि हेही सांगतो, डॉक्टर कसं बोलतो याचा औषधासारखा परिणाम होतो. इंग्लंडमधल्या एका जीपीने १९८७ मध्ये, तपासणीत ठोस काही न सापडलेल्या २०० पेशंटांवर बघितलं होतं. काहींना स्पष्ट सांगितलं की हे अमुक आहे आणि काही दिवसांत बरं वाटेल, काहींना सांगितलं की मला नक्की सांगता येत नाही. दोन आठवड्यांत पहिल्या गटातले ६४ टक्के बरे झाले, दुसऱ्यातले ३९. खोटा धीर द्या असं म्हणत नाही मी. पण "वय झालं, झीज आहे" हे वाक्य आम्ही दिवसातून पन्नास वेळा फेकतो आणि ते पेशंटच्या घरी जाऊन काय करतं ते आम्हाला कळतच नाही.

थेम्सकाठ

हे बाकी खरं. माझ्या जीपीने "गंभीर काही नाही" म्हणताना "तुला नेमकी कशाची भीती वाटतेय" असं विचारलं असतं तर भावाला फोन केला नसता बहुतेक. बहुतेक हां.

सांजवेल

शनिवारी परत त्याच स्पाइनवाल्यांकडे जायचं ठरलंय, नवीन डॉक्टर नको आता. एका कागदावर लिहून काढलंय, वर मोठ्या अक्षरात "आईला ऑपरेशनची भीती आहे, लागणार आहे का?" मग पंधरा मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही, डाव्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूला चमक, रात्री कूस बदलताना जाग येते, जिना चढता येतो पण उतरताना कठडा लागतो. मग फिरणं, वाकणं, बेल्ट किती वेळ. आणि हो, "डॉक्टर एकदा पाय तपासून बघता का" हे मी स्वतः म्हणणार आहे, आईला ते उद्धटपणाचं वाटतं, म्हणते त्यांना शिकवणार का आपण. गोळ्यांचं पण काही लिहायला हवं का?

फिजिओताई_पुणे

मस्त कागद झालाय. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्या, बीपी-शुगरच्या सकट, नावं वाचून दाखवण्यात वेळ जातो आणि चुकतात पण. नसेच्या गोळीमध्ये प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन असेल तर झोप, गुंगी, तोल जाणं याकडे लक्ष ठेवा, विशेषतः रात्री बाथरूमला उठताना. तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, स्वतःहून एकदम बंद करायची नाही.

सांजवेल

आत्ता जाऊन विचारलं. पाकिटावर प्रीगॅबालिन आहे. आणि रात्री उठल्यावर भिंत धरून जावं लागतं म्हणाली, तिला वाटलं कमरेमुळेच. कागदावर दोन नंबरला टाकलं, आणि शनिवारपर्यंत थांबायला नको, उद्या सकाळी फोन करून विचारते डोसचं.